राणीची तहान

पेल्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमले होते — लाल मातीवर बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे — आणि त्यातला एक थेंब काठाखालून सुटून खाली यायला निघाला, मध्येच अडला, शेजारच्या थेंबाला मिळाला, पुन्हा निघाला. दोना मेसिया त्याच्याकडे बघत उभी होती आणि तो बुडाशी पोचेपर्यंत हात पुढे करायचा नाही, असं तिनं उगाचच ठरवून टाकलं होतं. तेवढीच सवड. तेवढा वेळ तरी उजवा हात झग्याच्या घडीत लपून राहील... पाणीघरात आता कुणी नव्हतं, तरी तो लपलेलाच होता. सवय.

पेला अर्धाच भरलेला होता. नेहमीसारखा.

जवळच्या इश्त्रेमोश गावच्या मातीचे हे पेले. नवा पेला पाणी पितो, काठोकाठ भरून ठेवला तरी घटकाभरात पाणी उतरतं, हे एव्होऱ्याच्या दरबारात कुणाला सांगावं लागत नाही. त्या मातीचा वास पाण्याला लागतो म्हणून तर राणीला चांदीच्या पेल्यातलं पाणी गोड लागत नाही, आणि पेला फुटला की त्याचे तुकडे चघळायला दरबारातल्या अर्ध्या बायका टपलेल्या असतात — विओलांते तर जेवणानंतर बडीशेप खावी तशी खाते. पण यंदाची माती फारच प्यायला लागली होती. बोटभर नाही, अर्धा पेला. मेसियानं इस्टरच्या सुमाराला ब्रांकाला म्हटलंही होतं, "यंदाची माती तहानलेली दिसते गं." ब्रांका पाणीघर सांभाळते, तीस वर्षं रांजणांशी बोलून बोलून माणसांशी बोलायचं विसरलीय; ती हात पुसत एवढंच म्हणाली होती, "हो बाई, फार." आणि मेसियाला बरं वाटलं होतं. अर्धा पेला सांडत नाही. त्या मातीचे केवढे उपकार, असं तिला रोज दुपारी वाटायचं — आणि आपण मातीचे आभार मानतो आहोत, हे कुणाला कळलं तर काय म्हणतील, असंही वाटायचं.

एकोणीस वर्षं राणीला पाणी देण्याचा मान तिच्याकडे होता. दोन्ही गुडघ्यांवर बसायचं, तबकातल्या पेल्यावरचं चांदीचं झाकण उचलायचं, पहिला घोट त्या झाकणात ओतून स्वतः प्यायचा — विष असेल तर आधी आपल्याला — मग तबक वर करायचं आणि राणी पीत असताना तेच तबक तिच्या हनुवटीखाली धरायचं, म्हणजे मखमलीवर थेंब पडत नाही. विष कधीच नव्हतं. थेंबही कधी पडला नव्हता. गेल्या नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाला, भाजलेलं चेस्टनट सोलताना ते तीनदा हातातून निसटलं, तेव्हा तिला वाटलं थंडी. मग थंडी गेली. मग करंगळीतलं कापणं मनगटात आलं... आता जानेवारीपासून तिच्याकडे एक युक्ती होती: कोपर बरगडीत रुतवायचं, डाव्या अंगठ्यानं तबकाची कड खालून दाबायची आणि श्वास धरायचा. बरगडीवर त्या जागी निळा डाग पडला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मेसियानं ती दहा महिने अशी झाकली होती की रात्री झोपेतसुद्धा उघडत नसावी.

कारण उघडली तर काय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्या बाईच्या हातून राणीच्या अंगावर पाणी सांडतं, तिच्याकडे पाण्याचा मान राहत नाही. आणि सेहेचाळिसाव्या वर्षी, मूल नसलेल्या विधवेला दुसरा मान कोण देतो? नवरा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यात तापानं गेला त्याला बावीस वर्षं झाली. दीर दोम लोपो दर इस्टरला एल्व्हासहून पत्र पाठवतो — "वहिनी, तुमची खोली तयार आहे." ती खोली तिनं पाहिली आहे. ऑलिव्हच्या घाण्याच्या वर, खिडकी भिंतीकडे उघडणारी, आणि तेलाचा वास अंगाला असा लागतो की मेल्यावरच सुटावा. तिथं दीर चांगला आहे, जाऊ चांगली आहे, सगळे चांगले आहेत, आणि तिथं मला कुणी मेसिया म्हणणार नाही. तिथं मी दोम लोपोची वहिनी. इथं सकाळी पडद्यामागून हाक येते — मेसिया! उठलीस का? — आणि मी आहे, असं मला कळतं.

परवा, मेरीमातेच्या जन्मदिवसाच्या सणाला, पुढच्या वर्षी कुणाकडे कोणता मान, याची यादी वाचली जाणार. आणि आज राणीच्या बहिणीकडून, कास्तिलहून, तीन पाहुण्या आल्या आहेत, त्यांच्यासमोर जेवण.

थेंब बुडाशी पोचला. मेसियानं पेल्यात पुन्हा एकदा वाकून पाहिलं, आणि तिला लाज वाटली. पाहुण्यांसमोर, परक्या राज्यातल्या बायकांसमोर, राणीला अर्धा पेला? ब्रांका कुठं परसात गेलेली दिसत होती. मेसियानं पळी घेतली, रांजणात बुडवली — डाव्या हातानं — आणि पेला भरला, काठाखाली दोन बोटं राहतील इतका, रिवाजाप्रमाणे. भरलेला पेला सांडणार, हे तिला ठाऊक होतं. पण सगळ्यांसमोर राणीची शोभा होण्यापेक्षा... आणि तेवढ्यात ब्रांका दारात आली.

"हा कुणी भरला?"

"मी. ती तुझी तहानलेली माती. अर्धा पिऊन बसली होती."

ब्रांकानं पेला उचलला आणि पाणी रांजणात परत ओतलं — न बघता, रोजची सवय असावी तसं, नेमकं अर्धं.

"अगं! पाहुण्या बसल्यात तिकडे आणि तू अर्धा पेला पाठवतेस? लाज आहे का काही?"

"असू दे बाई."

"काय असू दे? आण इकडे." आणि मेसियानं हात पुढे केला, रागात तिच्या लक्षातच राहिलं नाही की तो उजवा आहे. हात दोघींच्या मध्ये हवेत राहिला. कापत राहिला. ब्रांकानं त्याच्याकडे पाहिलं नाही, रांजणाकडे पाहिलं, आणि त्या न बघण्यातच मेसियाला काहीतरी कळायला लागलं.

"मी सांगितलं असं म्हणू नका," ब्रांका हळू म्हणाली. "राणीसाहेबांचा हुकूम आहे. अर्धाच भरायचा."

"कधीपासून?"

"नाताळाच्या आधीपासून."

"का?"

ब्रांका झाकणाला लागलेला डाग झग्याच्या टोकानं घासत राहिली, डाग नव्हता. "दोना मेसियांना कळता कामा नये, म्हणाल्या. कळलं तर तुला पाणीघरातून काढीन, म्हणाल्या. हसत म्हणाल्या बाई, पण म्हणाल्या."

रांजणाच्या ओट्यावर मेसिया बसली. ओला होता, झगा भिजला, भिजू दे... नाताळाच्या आधी. म्हणजे कोपराची युक्ती सुचायच्याही आधी. म्हणजे जेव्हा माझं मला पुरतं कळलं नव्हतं तेव्हा तिला कळलं होतं, आणि त्यानंतर नाताळ झाला, इस्टर झाला, हा उन्हाळा झाला — एव्होऱ्याचा उन्हाळा, ज्यात अंगणातल्या फरशीवर कुत्रंसुद्धा पाय ठेवत नाही — आणि ती बाई रोज अर्धा पेला पाणी पीत होती. मग पुन्हा मागत होती. "मेसिया, जरा पाणी." पुन्हा तबक, पुन्हा गुडघे. आणि मी? मी गुडघ्यांवर बसताना मनात काय म्हणत होते? किती ते पाणी. हिला माझ्या गुडघ्यांची पर्वा नाही. राजकन्या ती राजकन्याच, खाली वाकलेल्या माणसाचं तिला डोकं तेवढं दिसतं...

आणि जुलै! मेसियानं तोंडावर हात धरला. जुलैत ती स्वतः वैद्याकडे गेली होती. काळजीनं, खरोखरच काळजीनं — म्हणजे नव्वद भाग काळजी आणि दहा भाग गुडघे. मेस्त्रे जिल, राणीसाहेबांना तहान फार लागते हो, एका जेवणात तीनतीनदा पाणी. म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळली, अशी तहान चांगली नव्हे म्हणाला, आणि एकवीस दिवस सकाळी अनशापोटी घ्यायचा काढा दिला, इतका कडू की नुसत्या वाफेनं डोळ्यांत पाणी यावं. वाडगा मेसियानंच पुढे केला होता. राणीनं वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्याच, राणीसाहेब. मला काळजी वाटली."

"तुझी काळजी फार कडू असते गं," राणी म्हणाली होती, आणि नाक दाबून प्यायली होती. एकवीस दिवस. एक शब्द बोलली असती — मेसिया, मला तहान नाही, तुझा हात कापतो — तर पहिल्याच दिवशी काढा खिडकीबाहेर गेला असता. रोग एकीला आणि औषध दुसरीला. तेही जिला रोग तिनंच पाजलेलं! मेसियाला हसू आलं आणि हसता हसता असा ठसका लागला की ब्रांकानं घाबरून पळीभर पाणी पुढे केलं. ते तिनं प्यायलं. थंडगार होतं, आणि पोट भरेपर्यंत होतं. तेवढ्यानं तिला रडूच आलं.

"बाई, तिकडे वाढायला लागले असतील," ब्रांका म्हणाली.

जेवणाचा दिवाणखाना. पाहुण्या उशांवर बसलेल्या, राणीच्या उजव्या हाताला. तितर, कोथिंबिरीच्या रस्स्यात भिजवलेला पाव, खारवलेले ऑलिव्ह. तिनं गुडघे टेकले. झाकण उचललं, पहिला घोट ओतताना पेल्याची कड चांदीवर वाजली, टिक् टिक् टिक् — आणि त्याच क्षणी पलीकडून विओलांतेला खोकला आला, मोठा, सगळ्या माना तिकडे वळतील असा. हा खोकलाही रोजचाच. मेसियानं घोट घेतला, तबक वर केलं, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा तबकाच्या कडेकडे न बघता वर पाहिलं.

राणीचा गळा दिसला. तीन घोट, बस. तिसऱ्या घोटाला पेला पार उलटा झाला आणि पाणी संपल्यावरही ओठ क्षणभर काठावर तसेच राहिले — लहान मूल दूध संपल्यावर राहतं तसे — मग पेला तबकात परत आला. हे मी कधीच पाहिलं नव्हतं. एवढ्या जवळून, एकोणीस वर्षं, आणि शेवटचे दहा महिने मी फक्त माझा हात पाहत होते. राणीचं वय झालं आहे, डोळ्यांखाली सुरकुत्या आहेत, ओठ या गरमीनं फुटले आहेत, वरच्या ओठाला भेग आहे. अठराव्या वर्षी कास्तिलहून आली तेव्हा इथली भाषा येत नव्हती आणि माझ्याशी खुणांनी बोलायची... राणी पाहुणीकडे वळली, बहिणीच्या मुलींची चौकशी करू लागली, एक ऑलिव्ह खाल्लं, दुसरं खाल्लं, बी हळूच बशीत ठेवलं, आणि मग, जणू आत्ताच आठवलं असं, म्हणाली, "मेसिया, जरा पाणी." मागायच्या आधी ती थांबत होती. लगेच मागितलं तर मला संशय येईल म्हणून खारं तोंड घेऊन थांबत होती.

मेसिया उठली. गुडघे कडकडले. आज त्यांचं दुखणं तिला मेजवानीसारखं वाटलं.

जेवणानंतर जिन्यात विओलांते गाठ पडली. दोघी एकाच वर्षी दरबारात आलेल्या, एकाच पलंगावर झोपून थंडी काढलेल्या, आणि गेली दहा वर्षं एकमेकींना टोचल्याशिवाय दिवस न गेलेल्या. मेसिया तिलाच सगळ्यांत भीत होती.

"डोळे लाल कशानं गं?" विओलांते म्हणाली. "ब्रांकानं सांगितलं वाटतं शेवटी."

मेसियानं जिन्याचा कठडा धरला. "तुला माहीत होतं?"

"मला? अगं, स्वयंपाकघरातल्या मांजराला माहीत आहे. आणि मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी तू तो हात झग्यात घालून फिरत होतीस. आम्हीच मेलं कुठं बघायचं ते कळेना."

"मग बोलली का नाहीस?"

"हुकूम होता. आणि बोलून काय, तुझी जागा मला मिळणार होती? माझे गुडघे बघितलेस का?" विओलांतेनं कमरेच्या पिशवीतून लाल मातीचा तुकडा काढून दाढेत धरला. "राणीसाहेबांच्या तहानेवर वैद्य पाठवलास, माझ्या खोकल्यावर पाठवला नाहीस, हेच उपकार. दहा महिने खोकतेय मी. घसा गेला माझा."

 मेसियानं विओलांतेच्या दंडावर हात ठेवला — उजवा — आणि तो तिथंही कापत राहिला, बाहीवरचे मोती हलत राहिले.

"पुरे," विओलांते म्हणाली आणि तोंड फिरवलं. "परवाच्या यादीत तुझं नाव आहे की नाही, मला माहीत नाही. विचारू नकोस. त्यांनाही अजून ठरवता येत नसेल. किती वर्षं अर्धा पेला पितील? जा आता, झोपायची वेळ झाली सगळ्यांची."

सगळे झोपले. दुपारची ती वेळ, खिडक्यांच्या झडपा बंद, पाहुण्या आपल्या दालनात, चुकार माशी तेवढी जागी. राणीच्या लांबट दालनाच्या एका टोकाला मेसिया उभी, दुसऱ्या टोकाला चौथऱ्यावर गालिचा आणि उशा, आणि उशांवर राणी, डोळे मिटलेली, मखमल उतरवून साध्या सुती झग्यात. मेसियाला तिच्यापाशी जाऊन म्हणायचं होतं... काय? आभार मानायचे तर कळलं असं सांगावं लागेल, आणि कळू नये म्हणून तर त्या बाईनं काढा प्यायला. मला परवा यादीतून काढा म्हणायचं, तर एवढ्या तहानेची किंमत मी काय केली? आणि काहीच न म्हणता उद्याही अर्धा पेला घेऊन जायचं, तर मग मी कोण? दुसऱ्याच्या घशावर स्वतःची खोली राखणारी. उपकार घ्यायलाही अंगात बळ लागतं, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळावं... पण कुणाला तरी आपण इतके हवे होतो. हे मनात आलं आणि तिथंच ती अडली. मान, हात, तबक यांचं काय, ती कामं दरबारात दहाजणी करतील. कुणाला तरी मी इतकी हवी होते की त्यासाठी तिनं एक उन्हाळा कोरडा काढला.

"मेसिया," डोळे न उघडता राणी म्हणाली, "पाणी आहे का गं?"

कोनाड्यात छोटा रांजण होता, पेला होता. तबक नव्हतं, झाकण नव्हतं; दुपारच्या वेळी रिवाज झोपलेला असतो. मेसियानं पळी बुडवली. एक. दोन. इथं थांबायचं असतं. तिसरी. ब्रांकाचं काय होईल, असं मनात आलं. पण दोष काय, विओलांतेच्या तोंडावर ढकलता येईल, ते तोंड सगळ्या राज्याला ठाऊक आहे. चौथी पळी. पाणी काठाला आलं आणि काठावर किंचित फुगून थांबलं. तिनं कोपर बरगडीत रुतवलं नाही. अंगठ्याची युक्ती केली नाही. दोन्ही हातांत, ओंजळीत धरावा तसा, पेला उचलला, आणि उचलताक्षणीच तो हलला, पहिलं पाणी मनगटावरून बाहीत गेलं, थंड, कोपरापर्यंत.

ती चालू लागली. पाणी फरशीवर पडत होतं, त्याचा आवाज होत होता, आणि त्या आवाजानं राणीनं डोळे उघडले.

तिनं पेल्याकडे पाहिलं, मग मेसियाच्या हातांकडे. उघड, सरळ पाहिलं.  मेसिया थांबली नाही. चौथऱ्यापर्यंत अजून निम्मं दालन बाकी होतं, आणि तिथं पोचेपर्यंत पेल्यात किती उरेल, परवा यादीत आपलं नाव असेल की एल्व्हासची ती तेलकट खोली, काहीच तिला माहीत नव्हतं. माहीत एवढंच होतं की जानेवारीनंतर पहिल्यांदा ती श्वास न धरता पेला नेत होती, तिचे हात कुणीतरी बघत होतं, आणि ते बघणं तिला अंगावर घेतलेल्या ऊबदार शालीसारखं वाटत होतं... सांडू दे. सगळं सांडलं तरी आज तिला पेला भरूनच न्यायचा होता.